नळी, हवा आणि माप

पोकळ नळी हाती आली की मुलाला प्रथम तिच्यातून पाहावेसे वाटते, मग फुंकावेसे वाटते आणि अखेरीस तिच्यातून काहीतरी उडवावेसे वाटते. हा क्रम कोणी शिकवीत नाही. रंगपंचमीची पिचकारी ही त्याच ओढीची मान्यता पावलेली आवृत्ती. बस्तरमध्ये या ओढीला देवाच्या उत्सवातच जागा मिळाली आहे. जगदलपूर येथे आषाढातील रथयात्रेच्या वेळी गोंचा नावाचा उत्सव होतो. त्या वेळी लोक बांबूच्या नळीची बंदूक करून मालकांगोणीची हिरवी फळे एकमेकांवर उडवितात. तिकडे या बंदुकीला तुपकी म्हणतात आणि फळाला पेंग.

तुपकीची रचना पाहण्यासारखी आहे. नळीच्या दूरच्या टोकाशी एक फळ घट्ट बसवावयाचे, जवळच्या टोकातून दुसरे फळ काठीने आत रेटावयाचे. दोन फळांमध्ये हवा कोंडली जाते. काठी पुढे सरकते तशी ती दाटत जाते आणि तिचा जोर पुढच्या फळाला सोसवेनासा झाला की फट् असा बार होऊन ते उडते. मागचे फळ पुढे येऊन त्याची जागा घेते. दारू नाही, विस्तव नाही, लोखंडही नाही. माणसाच्या हाताचे बळ क्षणभर हवेत साठविले आणि एकदम मोकळे केले, एवढाच तो प्रकार. हवेच्या जोरावर चालणारी बहुतेक क्षेपक साधने, मग ती कितीही सुबक असोत, या तुपकीच्याच वंशातील आहेत.

बंगळूर शहराच्या वेशीबाहेर आज जी पेंटबॉलची मैदाने दिसतात, तेथील साधन त्याच वंशातले. दोन तुकड्या कराव्यात, पिंपे आणि टायर यांच्या आडोशाने लपतछपत जावे आणि प्रतिपक्षाच्या गड्यावर रंगाची गोळी फोडून त्याला बाद करावे, असा हा खेळ. आठवडाभर संगणकापुढे बसलेली तरुण मंडळी तेथे येऊन अंगावर रंगाचे डाग घेऊन परततात. गोळी सुमारे १७ मिलिमीटर व्यासाची आणि ३ ग्रॅम वजनाची असते. तिचे कवच औषधाच्या कॅप्सूलप्रमाणे जिलेटिनचे असते व आत पाण्याने धुऊन जाणारा रंग असतो. ती आदळली की फुटते, आणि तिच्या फुटण्यातच खेळाचा निकाल असतो.

हा खेळ फार जुना नाही. अमेरिकेत अरण्यखात्याची माणसे तोडावयाची झाडे लांबून रंगवून ठेवण्यासाठी आणि गुराखी कळपातील जनावरांवर खूण करण्यासाठी रंगाच्या गोळ्या उडविणारे पिस्तूल वापरीत असत. न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर या गावाजवळच्या रानात २७ जून १९८१ रोजी बाराजणांनी ही पिस्तुले घेऊन पहिला डाव मांडला. रानात लपविलेली निशाणे गोळा करून जो प्रथम बाहेर पडेल तो विजयी, असा नियम होता. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा एक वनरक्षक, आणि सांगतात की त्याने एकही गोळी उडविली नाही. रान ओळखून तो निमूटपणे निशाणे घेत गेला. या खेळाच्या जन्मकथेतच असे एक मर्म आहे की उडविण्याचे साधन हे खेळातील सर्वांत महत्त्वाचे अंग नव्हे.

परंतु तरुणाचे मन साधनाकडेच धावते. मैदानावर भाड्याने मिळालेली बंदूक हाताळली की, ही आपल्याला घरी का करता येऊ नये, असा प्रश्न पडतो. बंगळूरसारख्या शहरात, जेथे घरोघरी एखादा अभियंता किंवा होऊ घातलेला अभियंता आहे, तेथे हा प्रश्न न पडता तरच नवल. नळाची नळी, सायकलचा पंप, पाण्याची तोटी आणि डिंक यांच्या जुळणीने काहीतरी उडते असे दिसून येते, आणि उडाले की काम फत्ते झाले असे वाटते. वस्तुतः तेथेच काम सुरू व्हावयाचे असते.

याचे कारण थोड्याशा हिशेबाने कळेल. रंगगोळीच्या नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २.३ चौरस सेंटीमीटर असते. सायकलच्या साध्या पंपाने दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो इतका दाब सहज निर्माण होतो. म्हणजे गोळीच्या पाठीवर सुमारे साडेअकरा किलोंचा रेटा बसतो. खेळाच्या मैदानावर गोळीचा वेग सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर, याहून अधिक असू नये असा जगभर रूढ संकेत आहे. घर्षण आणि गळती वजा न करता, दाब शेवटपर्यंत टिकला असे धरून पाहिले, तर या रेट्याखाली गोळीला त्या वेगापर्यंत पोचावयास केवळ ११ सेंटीमीटर लांबीची नळी पुरते. प्रत्यक्षात हवा फाकताना दाब कमी होतो आणि गळतीही होते, म्हणून नळी लांब घ्यावी लागते, हे खरे. पण तात्पर्य ढळत नाही. बळ स्वस्त आहे. ते सायकलच्या पंपात आहे, मुलाच्या दंडात आहे. दुर्मीळ आहे ते त्या बळाचे माप.

बंगळूरच्या मातीला हा धडा नवा नाही. जुन्या पेठेत तारामंडलपेट नावाचा भाग आजही आहे, आणि म्हैसूरच्या सैन्यासाठी तेथे अग्निबाण तयार होत असत असे सांगितले जाते. मराठी कागदपत्रांत ज्यांना नुसते 'बाण' म्हटले आहे तेच हे आयुध. बाण हिंदुस्थानात अनेकांकडे होते. हैदर आणि टिपू यांच्या कारागिरांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी दारू लोखंडी नळीत ठासली. कागदाची किंवा बांबूची नळी जेवढा दाब सोसते त्याहून पुष्कळ अधिक दाब लोखंड सोसते. त्यामुळे बाण दूर जाऊ लागला. १७९१ साली कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला आणि १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले. तेथील बाण विलायतेस गेले आणि वुलविच येथे विल्यम काँग्रीव्हने १८०४ च्या सुमारास त्यांवरून आपले प्रयोग आरंभिले. थोड्याच वर्षांत इंग्रजी अग्निबाण युरोपातील लढायांत दिसू लागले.

या इतिहासाचा अभ्यास बंगळूरच्याच राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत झाला. तिचे संचालक रोद्दम नरसिंह यांनी १९८५ साली म्हैसूर आणि ब्रिटन येथील अग्निबाणांची तुलना करणारा निबंध लिहिला. ती तुलना वाचणाऱ्याच्या मनात एक विचार राहतो. म्हैसूरचा लोहार हाताने कमी नव्हता; त्या काळी त्याचा बाण सर्वांत पुढे होता. वुलविचला जी गोष्ट अधिक होती ती म्हणजे वजन, लांबी, दारूचे प्रमाण आणि पल्ला यांची नोंद ठेवून, एकेक गोष्ट बदलून, पुन्हा पुन्हा मोजण्याची पद्धत. एकाचे ज्ञान हातात राहिले व हाताबरोबर गेले. दुसऱ्याचे वहीत उतरले व वाढले.

ही मोजण्याची विद्या इंग्लंडात रुजली होती ती बेंजामिन रॉबिन्स या गणित्यामुळे. बंदुकीच्या गोळीचा वेग डोळ्याला दिसत नाही आणि त्या काळच्या घड्याळांत तो सापडण्याजोगाही नव्हता. रॉबिन्सने १७४२ साली एक विलक्षण सोपी युक्ती प्रसिद्ध केली. त्याने जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगला आणि त्यात गोळी मारली. गोळी आत रुतून बसते आणि ठोकळा मागे झोका घेतो. तो झोका किती गेला हे पाहावे आणि दोघांच्या वजनांच्या प्रमाणावरून गोळीचा वेग काढावा. पुढे रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. ज्याने वेगाला माप दिले तो गृहस्थ दक्षिणेच्याच किनाऱ्यावर देह ठेवून गेला. त्याची विद्या मात्र तेव्हा किनाऱ्यावरून आत आली नाही.

ती विद्या आणि तुपकी यांचा मिलाफ पुढे कधी झालाच नाही असे मात्र नाही. तो बंगळूरलाच झाला. १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेत के. पी. जे. रेड्डी हे प्राध्यापक ध्वनीहून अनेक पट वेगाने धावणाऱ्या हवेचा अभ्यास करीत. अशा अभ्यासासाठी आघातनलिका नावाचे उपकरण लागते. एका बाजूला दाटलेली हवा, मध्ये पडदा आणि पुढे मोकळी नळी. पडदा फाटला की पुढच्या नळीतून धक्क्याची एक लाट ध्वनीपेक्षा अधिक वेगाने धावते. ही उपकरणे अवजड आणि खर्चिक असत. रेड्डी यांनी इंजेक्शनच्या पिचकारीसारख्या नळ्या व हाताने रेटावयाचा दट्ट्या यांपासून छोटी आघातनलिका तयार केली आणि सहकाऱ्यासह २०१३ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले. दट्ट्या पुढे रेटला की हवा दाटते आणि असह्य झाली की पडदा फाटतो. 'रेड्डी नलिका' या नावाने ते उपकरण आता ओळखले जाते.

हे वर्णन ऐकताना कोणालाही तुपकीची आठवण व्हावी. मागच्या फळाच्या जागी दट्ट्या, पुढच्या फळाच्या जागी पडदा. बळ दोन्हीकडे माणसाच्या हाताचेच. मग एकीला खेळणे व दुसरीला शास्त्रीय उपकरण का म्हणावयाचे? फरक इतकाच की रेड्डी नलिकेत पडदा किती दाबाला फाटतो, लाट किती वेगाने जाते, पुढील टोकाशी दाब किती चढतो, हे सारे मोजलेले आहे. ते मोजलेले आहे म्हणूनच ते पुन्हा तसेच घडविता येते, आणि तसेच घडविता येते म्हणूनच त्यावर विश्वास टाकता येतो. घरी केलेले साधन हलके आणि प्रयोगशाळेतील साधन थोर असा भेद येथे नाही. भेद मापाचा आहे.

माप नसले म्हणजे काय होते, याचे उदाहरण दूरचे नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात 'कार्बाइड गन' नावाचे एक खेळणे बाजारात आले. प्लास्टिकच्या नळ्या जोडून केलेली ती बंदूक. तिच्यात कॅल्शियम कार्बाइड व पाणी यांपासून ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि ठिणगी पडताच त्याचा भडका उडतो. शेतातील माकडे हाकलण्यासाठी योजलेली ही तऱ्हा मुलांच्या हाती दीडदोनशे रुपयांत आली. भोपाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांतून शंभराहून अधिक जण, त्यांत बहुतेक मुलेच, डोळ्यांना इजा होऊन रुग्णालयांत दाखल झाले. काहींची दृष्टी गेली. मागाहून विक्रीवर बंदी आली. किती वायू साठला आहे हे त्या नळीवर कोठेही दिसत नव्हते. बार झाला नाही म्हणून काही मुलांनी नळीत डोकावून पाहिले, आणि त्याच क्षणी तो झाला. नळी हाती आली की तिच्यातून पाहावेसे वाटते, ही बाळपणाची पहिली ओढच तेथे घात करून गेली.

डोळ्याच्या बाबतीत शरीररचनाही रंगगोळीच्या विरुद्ध आहे. क्रिकेटचा चेंडू डोळ्यावर आला तर तो खोबणीपेक्षा मोठा असल्यामुळे आघाताचा पुष्कळसा भाग भुवईचे व गालाचे हाड झेलते. १७ मिलिमीटरची गोळी खोबणीत सरळ शिरते. ३ ग्रॅमची ती गोळी सेकंदाला ९१ मीटर वेगाने आली तर तिची ऊर्जा सुमारे साडेबारा ज्यूल भरते. पाठीवर एवढ्याने वळ उठतो. डोळ्यावर एवढ्याने आयुष्य बदलते. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दीडपट झाला की तडाखा सव्वादोन पट होतो. बंगळूरच्या मिंटो नेत्ररुग्णालयात दर दिवाळीला डोळे दुखावलेली माणसे येतात, आणि त्यांत फटाका स्वतः न उडविता केवळ पाहत उभी असलेली माणसेही असतात. म्हणून मैदानावर मुखवटा उतरविणे हा सर्वांत मोठा गुन्हा मानतात. घरच्या अंगणात तो नियम कोण पाळणार?

नळीचाही विचार केला पाहिजे. दुकानात मिळणारी प्लास्टिकची नळी पाण्यासाठी असते, आणि तिच्यावर छापलेला दाबाचा आकडा पाण्यापुरता असतो. पाणी दाबले तरी जवळजवळ आकसत नाही. नळीला तडा गेला तर पाणी उडते आणि दाब तत्काळ ओसरतो. हवेचे तसे नाही. ती आकसते, बळ साठविते, आणि नळी फुटली तर सारे बळ एकदम मोकळे होऊन प्लास्टिकचे तुकडे चहूकडे उडविते. पाण्याच्या आकड्यावर हवेचा भरवसा ठेवणारा माणूस बंदुकीच्या मागे उभा असूनही तिच्या माऱ्यात असतो.

कायदाही या विषयात मापाचीच भाषा बोलतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील अग्निशस्त्राची व्याख्या दारूपुरती मर्यादित नाही; स्फोटकाने अथवा अन्य प्रकारच्या ऊर्जेने क्षेपक सोडणारे साधन तिच्या कक्षेत येऊ शकते, आणि परवान्यावाचून असे शस्त्र तयार करण्यास मनाई आहे. कमी शक्तीच्या हवाई बंदुकांना नियमांनी सवलत दिली आहे. पण तीही २० ज्यूल ऊर्जा आणि ०.१७७ इंच व्यास अशा मापांनी बांधलेली आहे. रंगगोळीची नळी या व्यासाच्या जवळजवळ चौपट रुंद असते. तेव्हा काही घडवून बसण्यापूर्वी परवाना अधिकाऱ्याकडे चौकशी करणे, हा सुज्ञपणाचा पहिला भाग होय.

मग मुलांनी काहीच करू नये काय? असे म्हणणे सोपे आहे, पण ते निष्फळ आहे. नळी आणि हवा यांची ओढ मनाईने जात नाही. ती लपून बसते, आणि लपलेला प्रयोग हा सर्वांत धोक्याचा. त्यापेक्षा ती ओढ मापाकडे वळविणे अधिक हिताचे. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, प्रथम बंदूक नव्हे तर रॉबिन्सचा लंबक तयार करावा. एक हलकी पेटी घ्यावी, तिच्यात मऊ माती किंवा चिंध्या दाटून बसवाव्यात आणि तिचे वजन २९७ ग्रॅम करावे. चार दोऱ्यांनी ती टांगावी. ३ ग्रॅमची गोळी तिच्यात रुतली की एकंदर वजन ३०० ग्रॅम, म्हणजे गोळीच्या शंभर पट होते. म्हणून पेटीचा वेग गोळीच्या वेगाच्या शंभरावा हिस्सा असतो. झोक्यात पेटी किती उंच चढली ते मागे उभ्या केलेल्या पट्टीवर पाहावे. ती सुमारे ४ सेंटीमीटर चढली तर गोळीचा वेग सेकंदाला ९० मीटरच्या आसपास होता. १ सेंटीमीटर चढली तर वेग त्याच्या निम्मा. शेंगदाण्यापासून मातीच्या गोळीपर्यंत कशाचाही वेग या पेटीने काढता येतो; वजनांचे प्रमाण तेवढे लक्षात ठेवावे लागते.

ज्यांना विजेच्या साधनांची आवड आहे त्यांच्यासाठी बंगळूरचा सदर पत्रप्पा रस्ता आहेच. तेथील छोट्या दुकानांत प्रकाश ओळखणारे घटक मिळतात. ३० सेंटीमीटर अंतरावर प्रकाशाच्या दोन झिरमिरी रेषा धरल्या आणि गोळीने त्या ओलांडण्यास घेतलेला वेळ टिपला, तर ९० मीटर वेगाला तो वेळ सेकंदाचा तीनशेवा भाग येतो. हे उपकरण कोणाला इजा करीत नाही, त्याला परवाना लागत नाही, आणि ते करण्यात बंदूक करण्याहून अधिक बुद्धी लागते. पेंटबॉलच्या चांगल्या मैदानावर डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येक बंदुकीचा वेग अशाच यंत्राने तपासतात, आणि मर्यादेबाहेर गेलेली बंदूक बाजूस ठेवतात. ती सर्वांत जोरकस असते आणि नेमकी म्हणूनच खेळाला निरुपयोगी ठरते.

खेळ आणि लढाई यांत साधनाचा भेद पुष्कळदा फार थोडा असतो. तारामंडलपेटेतील बाण, बस्तरची तुपकी, विज्ञान संस्थेतील नलिका आणि मैदानावरील रंगाची बंदूक, सर्वांत एक नळी आहे आणि तिच्यात कोंडलेला दाब आहे. त्या दाबाला कोणी मर्यादा घातली, ती कोणत्या पट्टीवर मोजली आणि समोरच्याच्या डोळ्यांची काळजी कोणी वाहिली, यावर त्या नळीचे नाव ठरते. हाताने काही घडविणाऱ्या मुलाच्या पाठीवर थाप अवश्य द्यावी; आणि थाप देताना, किती वेगाने जाते रे, असा प्रश्नही विचारावा. ज्या मुलाला त्याचे उत्तर आकड्यात देता येईल त्याच्या हाती नळी द्यावयास हरकत नाही. ज्याला ते येत नसेल त्याला आधी लंबक टांगावयास शिकवावे.